शब्दकोशात जोडा

साडेचारला भरमूचा फोन, कागलहून:
"बाई, गेटवर उभा हाय, गाडी आत घेईनात.
टेस्ट सर्टिफिकेट आलं न्हाई म्हणत्यात."

बेचाळीस पंप-हाउसिंग, बिडाची,
दुपारी एकला उद्यमबागेतून निघाली,
संकेश्वर, तवंदी घाट, निपाणी, कोगनोळीचा नाका
सगळं ओलांडून पोचली,
आणि त्यांचा एक पानाचा दाखला
इथं माझ्यासमोर
आउटबॉक्समध्ये तिरका होऊन बसलाय.

तिरकं असतं तोवर मेल जायच्या तयारीत असतं.
उघडून बघितलं की अक्षरं सरळ होतात
आणि सरळ झालेलं जातच नाही.
हे कळायला मला तीन वर्षं लागली.
तरी आज उघडून बघितलंच.

'पाठवा आणि घ्या' असं बटण आहे. दाबते.
हिरवी रेघ निम्म्यापर्यंत येते
आणि थबकते, फडताळाशी येऊन
काय घ्यायला आलो ते विसरल्यासारखी.
घेतं मात्र भराभर:
दिवाळीच्या ऑफरी, कुणाच्या तरी लॉटरीचे कोटी,
हेस्कॉमचं बिल दोनदा.

केबिनमधून किणेकर शेठ:
"काय करूलीस गं? गेलं काय?"
"जाऊलंय," मी म्हणते.

जाऊलंय लिहिलं तर खाली लाल नागमोडी रेघ.
मूस लिहिलं तरी रेघ. आणि वर पिवळी पट्टी:
हा मजकूर नेपाळी वाटतो. भाषांतर करू?
परवा हिंदी वाटला होता.

मातृभाषेचा रकाना मी पुष्कळदा भरलाय,
शाळेत, रेशनच्या खिडकीत,
खानेसुमारीच्या बाई चहा पीत बसल्या होत्या तेव्हा.
एकदा भांडूनही भरलाय.
पण नेपाळी
कुणी म्हणालं नव्हतं अजून.

सहाला इराण्णा आला, हेल्मेट काखेत.
"स्वल्प तडी, अक्का." तारा हलवल्या, हुंकारला.
"फाइल फुगलीय. नवं टाकायला लागतंय सगळं."
सगळं म्हणजे?
"मेलं राहतील. तुम्ही शिकवलेलं जाईल."

अकरा वर्षं उजवी टिचकी मारत आलेय,
रेघ आली की: शब्दकोशात जोडा.
त्यानं ती यादी उघडली आणि
पाटी वाचावी तशी मोठ्यानं वाचत सुटला,
मराठी तो कानानं शिकलेला:

हुंदरे. मच्छे. पिरनवाडी.
मूस, भट्टी, रायझर, कच्चं बीड.
आठवड्याभरात. नक्की. नक्कीच.
वारले.
धन्यवद

(हे रागात चुकून जोडलेलं.
तेव्हापासून माझी ही चूक त्याला चूक वाटत नाही.
किती जणांना असे आभार गेले असतील.)

उशिराबद्दल. उशिराबद्दल क्षमस्व.
भरमू. किणेकर. इराण्णा

तिथं तो थांबला.
"मी पण हाय की ह्यात."
तू येणार म्हणून शेठना कळवलं होतं एकदा,
मी म्हटलं, रेघ खुपत होती.
काही बोलला नाही. यादी पेनड्राइव्हवर घेतली,
पेनड्राइव्ह शर्टाच्या खिशात टाकला
आणि कामाला लागला.

सात वाजून दहा मिनिटांनी दाखला गेला.
एकदम चार वेळा.
मी भरमूला फोन लावला.
"मगाशीच गाडी खाली झाली की, बाई.
वॉचमन येळ्ळूरचा निघाला.
म्हणाला, कागद येतील मागनं, तू ये आत.
निपाणीत जेवूलोय आता."

इराण्णा हेल्मेट घालून गेलासुद्धा.
खिशातली यादी खिशातच.
नव्या कोऱ्या पांढऱ्या चौकटीत
मी कागलला लिहायला घेते: चार प्रती गेल्या, एकच धरावी,
उशिराबद्दल क्षमस्व,
आणि खाली, रोजच्यासारखं, हुंदरे.

रेघ.